खडा कुणाच्या गळ्यात

अश्विनीचे ओठ जांभळे पडले तेव्हा तिचा पंप मुदखेडच्या फलाटावर, तिच्या नवऱ्याच्या खिशात होता. आणि गाडी सुटली होती.

डब्यात आम्ही तिघी होतो. अश्विनी, तिची आजी महादेवी अक्का, आणि अक्काची शेजारीण मी. अश्विनीला लहानपणापासून दमा. समोरच्या बाकाखाली कुणीतरी धर्माबादच्या मिरच्यांचं पोतं सारलं होतं आणि त्याचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं. गाडीनं गचका दिला तसा ठसका साऱ्या डब्यात पसरला. बाकीची माणसं खोकली आणि थांबली. अश्विनी थांबली नाही. आधी खोकली, मग छातीतून शिट्टी वाजायला लागली, मग शिट्टीही बंद झाली. शिट्टी बंद होणं वाईट. ती वाजते तोवर वारा आत जात असतो.

तिचा नवरा बसवराज पाणी आणायला खाली उतरला होता. खरं तर पाण्याला अश्विनीच उठली होती. "तू बस, मी आणतो," म्हणून त्यानं तिला खांद्याला धरून खाली बसवलं होतं.

"पंप कुठंय गं?" मी विचारलं.

तिनं खिडकीकडं बोट केलं. मागं पडत चाललेल्या फलाटाकडं.

अक्का उठली. ऐंशीच्या घरातली बाई चप्पल काढून बाकावर चढली आणि वरच्या साखळीला दोन्ही हातांनी लोंबकळली.

ही अक्का कोण, ते आधी सांगते. नाहीतर पुढचं नुसतं गाडीचं होईल.

लातूरला गंजगोलाईत अक्काच्या घरचं दोरखंडाचं दुकान होतं. दावी, कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा. नवरा वारला तरी ती गल्ल्यावर बसत राहिली. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, शेवटी दुकान बंद झालं. हात मात्र बंद झाले नाहीत. तिच्या मांडीवर कायम अंबाडीचा वाख, दोर वळायचे तंतू, असायचा आणि बोलता बोलता पीळ पडत असायचा. राग आला की पीळ घट्ट बसे. तिच्या नवऱ्याची एक थट्टा होती, "आज भांडण झालंय, आजचं दावं घ्या, बैल म्हातारा व्हईल पण ते तुटायचं न्हाई."

गाठ दिसली की तिला राहवत नसे. टँकरच्या नळीची गाठ, माझ्या गाठोड्याची गाठ, कुणाच्या लेकराच्या ताईताची गाठ. ओढून बघायची, सैल असली तर न विचारता सोडून पुन्हा बांधायची. लोकांना आवडत नसे. मलाही नसे. कुणाचं कौतुक करणं तिला जमत नव्हतं. माझ्या घरी पाणी पिताना तांब्या उजेडात धरून बघायची. अशी बाई सोपी नसते.

तिचं एक वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. "दावं बांधणाऱ्याला कधी टोचत न्हाई, कौसे. टोचतंय का ते बैलाला इचारावं."

दुकानाच्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक नवऱ्याच्या करगोट्याला, एक हिच्या कमरेला. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं ती मागून घेतली होती. भांडण झालं की ती नवऱ्याच्या आधी जाऊन दुकान उघडायची आणि तो आला की "या, काय पायजे?" म्हणायची, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. तो म्हणायचा, "एक बायको दाखवा, कमी बोलणारी." ती म्हणायची, "तसला माल ठिवत न्हाई." मग दोघं कामाला लागत. हे मी डोळ्यानं बघितलेलं आहे.

आता मालिकेचं सांगते, कारण सगळं तिथून हललं.

ती मालिका कुठल्या देशातली होती कोण जाणे. ओठ एक हलत, हिंदी आवाज दुसराच येई. दुपारी तीनला लागायची. अक्काच्या घरी आम्ही तिघी बसायचो. अक्का, मी आणि समोरच्या घरातली सून शिल्पा. शिल्पाचं ब्यूटी पार्लर आहे, दुपारी तिच्याकडं कुणी फिरकत नाही.

त्यात एक यान चालवणारा गडी होता. नाव जिभेवर बसत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला कप्तान म्हणायचो. दुसऱ्या ताऱ्यावरून आलेली एक पोरगी होती, तिचे हात निळे चमकायचे, म्हणून ती निळी. निळीला पृथ्वीवरचा वारा सोसत नाही. एक खडा आहे, तो जवळ असला तरच तिला श्वास घेता येतो. तो हरवू नये म्हणून कप्तानानं तो स्वतःच्या गळ्यात घातलेला. त्याच्यापासून जरा लांब गेली की निळी गुदमरायला लागते. मग तो पळत येतो, तिला धरतो आणि गाणं लागतं.

मला कप्तान बरा वाटायचा. निळीसाठी स्वयंपाक करायचा, तिच्या पायातला काटा काढायचा. मला माझ्या नवऱ्यानं जन्मात पाण्याचा तांब्या दिला नाही. शिल्पा तर खुळीच झाली होती.

"एकमेकांशिवाय जगूच शकत न्हाईत बगा, मावशी," ती मला म्हणाली.

अक्काचा पीळ थांबला. "कोण जगू शकत न्हाई?"

"दोघं बी."

"ती गेली तर त्याचं काय व्हतंय?"

"रडंल की. जेवणार न्हाई."

"आणि तो गेला तर तिचं?"

"मरंल."

"मग? रडणं आणि मरणं तुज्याकडं एकाच भावानं इकतेत व्हय?"

शिल्पा चिडली. "अक्का, तो जपतोय तिला. तिच्यापायी दोनदा मरता मरता वाचला."

"मरायला सोपं हाय. खडा दे म्हणावं."

हे भांडण मग रोजचं झालं. अक्काचं एकच माप होतं. "तिनं न्हाई म्हटलं की काय व्हतंय, त्यावर माणूस बगायचा. हो म्हणताना समदेच गोड असतेत." निळी कधी नाही म्हणतच नव्हती, त्यामुळं अक्काला कप्तानाची परीक्षा घेता येत नव्हती आणि ती नुसती धुमसायची. मी म्हटलं, टीव्हीतलं आहे, सोड की. ती म्हणाली, "टीव्हीतलं हाय म्हणूनच बोलून राहिले. घरातलं असतं तर बोलू दिलं असतं का कुणी?"

अक्का लिंगायत. त्यांच्यात बाईच्याही गळ्यात शिवाचं लिंग असतं. नवऱ्याचं नवऱ्याच्या, बायकोचं बायकोच्या. चांदीच्या डबीत, दोऱ्यात बांधलेलं. सकाळी अंघोळ झाली की आपलं आपल्या तळहातावर घेऊन पूजा करायची. एकाचं दुसऱ्यानं सांभाळायचं नाही. अक्का एकदा पदराआडून ती डबी काढून शिल्पाला म्हणाली, "माजा नवरा देवमाणूस व्हता. पण हे त्याला कदी दिलं न्हाई, आणि त्यानं कदी मागितलं न्हाई. ह्यो कप्तान तिचं स्वतःच्या गळ्यात घालून फिरतोय. हे काय सारखं झालं?"

  मी मनात म्हटलं, एवढ्या लांबच्या ताऱ्यावर लातूरचा न्याय कशाला लावायचा?

मग एक दिवस निळीला आपल्या माणसांकडं जावंसं वाटलं. खिडकीपाशी उभी राहून तिनं विचारलं. कप्तान गोड हसला. म्हणाला, मी नेईन ना, मला वेळ मिळाला की. निळीनं मान हलवली.

जाहिरात लागली आणि त्याच वेळी अक्काचा फोन वाजला. नांदेडहून अश्विनी.

अश्विनी अक्काच्या मुलीची मुलगी. आई लवकर गेली, बापानं उदगीरला दुसरा संसार मांडला, पोरगी अक्कानं वाढवली. दोन वर्षांपूर्वी तिला नांदेडला दिली. बसवराज विजेच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरण्याचं, वाइंडिंगचं काम करतो. निर्व्यसनी, हसरा.

अक्का नेहमी फोन मोठ्या आवाजात लावते, त्यामुळं आम्हालाही ऐकू आलं.

"कवा येतीस गं?" अक्कानं विचारलं.

"ह्यांना वेळ मिळाला की येते, आज्जी."

"तू ये की एकटी. बस तर हाय."

"एकटी कशी येऊ? पंप ह्यांच्याकडं असतोय ना."

टीव्हीवर निळी पुन्हा खिडकीपाशी आली. अक्कानं फोन ठेवला. मांडीवरचा वाख खाली पडला तो तिनं उचलला नाही. मी तिचे हात रिकामे पहिल्यांदा बघितले.

"कौसे," ती म्हणाली, "तो खडा मीच दिला."

मला लगेच आठवलं. पाठवणीच्या वेळी मी शेजारीच उभी होते. आपल्याकडं पोरगी हवाली करताना थोरली माणसं जावयाच्या हातात तिचा हात देतात. अक्कानं कमरेतून अश्विनीचा पंप काढला, बसवराजच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली. म्हणाली, "हिचा श्वास तुमच्या हवाली." सगळा मांडव रडला. मीही डोळे पुसले, आणि मी सहसा पुसत नाही. फोटोवाल्याला नीट आलं नव्हतं, त्यानं पुन्हा करायला लावलं. अक्कानं पंप परत घेतला आणि पुन्हा दिला. दोनदा.

"भ्याले व्हते," ती म्हणाली. "पोरगी इसरभोळी. म्हटलं ह्यो तरी जपंल. त्यानं जपला. मी म्हटलं तसंच केलं त्यानं. त्याला काय म्हणू आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं अक्का आणि मी नांदेडला निघालो. अक्का साऱ्या वाटेत चार वेळा उठली आणि चार वेळा बसली.

बसवराजच्या घरात नाव ठेवायला जागा नव्हती. त्यानं आमच्या पाया पडून पिशव्या घेतल्या. अश्विनीला पाण्याची कळशी उचलू देत नव्हता. धूर नको म्हणून फोडणी स्वतः द्यायचा. ती दारात गेली तरी "रुमाल बांधला का तोंडाला?" विचारायचा. पंप दोन होते. एक त्याच्या पँटच्या खिशात, एक त्याच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडं. ती जास्त ओढती, डॉक्टरनं मोजून सांगितलंय, असं त्याचं म्हणणं. छाती भरली की ती म्हणायची, "अहो, जरा द्या ना," आणि तो लगेच द्यायचा. एकदाही उशीर केला नाही. हे मी कबूल करते. पण दर वेळी तिला मागावं लागायचं. तो कारखान्यात असला की ती शेजारणीकडंही जायची नाही.

दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा तीच मालिका लागली. तोही बघायचा. अक्कानं संधी साधली.

"बसवराज, ह्या निळीनं खडा मागितला तर ह्यो दिल का?"

"ती कशाला मागंल, आज्जी? तो हाय ना."

"समजा मागितला."

तो हसला. "तिला काय कमी हाय त्याच्यापाशी? तुम्ही कशाला फिकीर करून राहिल्या?"

 जावयापुढं अक्काची जीभ आवळली जाते, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या बाईनं गंजगोलाईत व्यापाऱ्यांना गप्प केलं, ती नातजावयाच्या ताटात पोळी वाढत बसली. दोन दिवस गेले. मी म्हटलं, बोल की. ती म्हणायची, उद्या.

रविवारी त्यानं हौसेनं आम्हाला सहस्रकुंडचा धबधबा दाखवायला नेलं. इस्लापूरपर्यंत रेल्वे, पुढं रिक्षा. धबधब्याचे तुषार अंगावर घेताना अश्विनी हसत होती आणि तो तिच्या डोक्यावर टॉवेल धरून उभा होता. येताना मुदखेडला गाडी बदलली, नांदेडची गाडी धरली, आणि त्या गाडीत ते मिरच्यांचं पोतं होतं.

साखळी ओढल्यावर गाडी लगेच थांबत नाही. पुढं जातच राहते. मी अश्विनीची पाठ चोळत होते, तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. अक्का अजून लोंबकळलेलीच. मग चाकं किंचाळली आणि गाडी उभी राहिली.

मी खिडकीतून बघितलं. बसवराज रुळाकडच्या खडीवरून पळत येत होता. गाडी हलली तेव्हापासून तो पळतच असणार. एकदा पडला, उठला, पुन्हा पडला. पाण्याची बाटली कधीच टाकली होती. उजव्या हातात पंप उंच धरला होता, लांबून आम्हाला दिसावा म्हणून.

डब्यात चढून त्यानं पंप तिच्या तोंडात दिला. एक, दोन. थोडं थांबून आणखी. मग शिट्टी वाजली. इतका चांगला आवाज मी ऐकलेला नाही. शिट्टी हळूहळू उतरली, ओठांवर रंग आला.

त्याचे दोन्ही गुडघे फुटले होते. डब्यातल्या बायका हळहळल्या. एक म्हणाली, "असा नवरा मिळाया नशीब लागतं माय." गार्ड आला, कुणी साखळी ओढली विचारलं. अक्का म्हणाली, "मी." त्यानं अश्विनीकडं बघितलं आणि काही न लिहिता गेला. गाडी चालू झाली.

बसवराजनं घाम पुसला. म्हणाला, "बघितलं ना आज्जी? म्हणून मी जवळ ठिवतो." आणि पंप परत खिशात घातला.

अक्का त्याच्या पायाशी खाली बसली. पदराच्या टोकानं त्याच्या गुडघ्यातली खडी काढायला लागली. काढता काढता बोलली, वर न बघता.

"बसवराज, तुम्ही लई पळालात. माजं पोटचं पोर बी न्हाई पळालं असतं एवढं. पण तुम्ही जवळ नव्हता म्हणून ती मरत नव्हती. पंप जवळ नव्हता म्हणून मरत व्हती. चूक माजी हाय. मीच तुमच्या हातात दिला, दोनदा दिला. दिलेलं परत मागायला मला तोंड न्हाई." मग अश्विनीकडं वळली. "माज्यानं मागवणार न्हाई. तू माग."

अश्विनीच्या अंगात बसायचीही ताकद नव्हती. तिनं हात पुढं केला. "द्या."

"अगं, आत्ताच घेतलाय तू. लगेच नको."

"ओढायला नको. माज्याजवळ ठिवायला द्या."

"इसरशील, येडी."

"इसरले तर इसरले. द्या."

 नशिबाचं बोलणारी बाई खिडकीबाहेर बघायला लागली. बसवराजनं आमच्याकडं एकेक करून बघितलं, कुणी तरी त्याच्या बाजूनं बोलेल म्हणून. मला बोलावंसं वाटलं, खरं सांगते. रक्त त्याच्या पोटऱ्यांवरून ओघळत होतं. पण मी बोलले नाही. त्यानं खिशातून पंप काढला आणि तिच्या हातावर ठेवला. त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याला कुणी घराबाहेर काढलं. 

मला अजून चैन पडत नाही ते इथं. तो वाईट असता तर सोपं होतं. तो तिला कोंडत होता का? नाही. जपत होता का? हो. मग चूक कुठं होती, हे शिल्पानं मला तीनदा विचारलं आणि मला तीनदा वेगळं सांगावं लागलं. अक्काला विचारलं तर म्हणाली, "त्याला टोचत नव्हतं, एवढंच." कपाटाची किल्ली तो पुढं महिनाभर देत नव्हता, मग एक दिवस कपाटालाच लावून ठेवली. अजून दिवसातून पाच वेळा विचारतो, "पंप घेतलास का?" ती कधी घेतला म्हणते, कधी चिडते. चिडते, हे नवीन आहे.

मालिकेचं काय झालं ते मला ठाऊक नाही. आम्ही लातूरला परत आलो तर तीनच्या वेळेला दुसरंच काही लागत होतं. निळीला खडा मिळाला की नाही, शिल्पाला फोनवर शोधूनही सापडलं नाही. अक्कानं विचारलंही नाही. ती वाख घेऊन बसली होती. नेहमीचा जाड पीळ नव्हे, बारीक, सुतळीपेक्षा बारीक. त्याला तिनं पंप मावेल एवढी कापडाची लहान थैली शिवली आणि नांदेडला पाठवली.

दिवाळीनंतर अश्विनी पहिल्यांदा एकटी आली. बस अकराला येणार होती. अक्का आठ वाजल्यापासून स्टँडवर, आणि तिच्यामुळं मीही. औशाची बस आली तरी ती उठायची. मी म्हटलं, "नांदेडची बस औशाहून कशी येईल, अक्का?" ती म्हणाली, "मला ठावं हाय." आणि पुढच्या बसला पुन्हा उठली.

अश्विनी उतरली तेव्हा तिच्या गळ्यात दोन दोरे होते. एकात लिंगाची डबी, दुसऱ्यात ती थैली. अक्कानं तिला जवळ घेतलं नाही, बरी हायस का विचारलं नाही. थैलीचा दोरा बोटात धरून ओढून बघितला.

"गाठ सैल हाय," म्हणाली. भर स्टँडवर, माणसांच्या धक्क्यात, तिनं ती सोडली आणि पुन्हा बांधली. मग पिशवी उचलून आमच्या पुढं चालायला लागली, मागं न बघता. अक्का म्हटलं की मला ती पाठ दिसते.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेली. त्यांच्या रीतीप्रमाणं तिला बसवून पुरलं, तिचं लिंग तिच्याच तळहातावर ठेवून. बसवराजनं खांदा दिला. त्याच्या गुडघ्यांवर अजून काळे डाग आहेत.

त्या गाडीतून आम्ही चौघं जिवंत उतरलो. आता तिघं आहोत.